मालमोटार सकाळी का रुसते?

श्रोतेहो, पहाटे चार-साडेचारच्या सुमारास आमच्या अलिबागेत समुद्राच्या गाजेखेरीज आणखी एक आवाज कानी पडतो. बर्फात घातलेली मासळी घेऊन मुंबईच्या बाजाराला निघणाऱ्या गाड्यांचा तो आवाज. गाडी नवी असली तर किल्ली फिरवताच निघते. जुनी मालमोटार मात्र आधी घरघरते, दम टाकते, पुन्हा घरघरते. शेजारीपाजारी अंथरुणातच कूस बदलतात आणि म्हणतात, "आजही रुसली वाटतं!"

या रुसव्याचा शोध हा आजच्या भाषणाचा विषय. आपण म्हणाल, इतिहास शिकवणाऱ्या माणसाचा आणि मालमोटारीचा संबंध काय? तो आला एका अर्जामुळे.

आमच्या आळीतल्या एका गाडीमालकांना पतसंस्थेकडे कर्ज मागायचे होते आणि अर्ज लिहून घ्यायला ते माझ्याकडे आले. गाडी वीस-बावीस वर्षांची. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणून दोन महिने ती किनाऱ्याजवळ उघड्यावर उभी होती. नारळी पौर्णिमेनंतर धंदा सुरू झाला आणि तेव्हापासून गाडी चालू व्हायला वेळ लावू लागली. नेमका त्याच आठवड्यात गाडीवर नवा क्लीनर आला होता, अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. मालकांनी तर्क केला की पोरगा रात्री केबिनमधला दिवा चालू ठेवून झोपतो, म्हणून बॅटरी उतरते. उधारीवर नवी बॅटरी आणली. चार-आठ दिवस बरे गेले, पुन्हा तेच. पोराचे पैसे कापले. शेवटी त्याला घरी पाठवले. पोरगा गेला, पण गाडीचा रुसवा काही गेला नाही. मग नाक्यावर कुणी सांगितले, "इंजिनात दम उरला नाही, इंजिनकाम करून घ्या." त्या इंजिनकामासाठी हे कर्ज.

अर्जात कारण लिहायचे म्हणून मी सहज विचारले, "इंजिन गेलं हे कशावरून ठरवलंत?"

ते म्हणाले, "सर, चालू होत नाही त्यावरून."

मला माझा वर्ग आठवला. मुले उत्तरपत्रिकेत लिहितात, राज्य बुडाले, कारण राजा दुबळा होता. राजा दुबळा कशावरून? तर राज्य बुडाले त्यावरून! मी कागद बाजूला ठेवला आणि आम्ही दोघे एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: "इंजिन सावकाश फिरतं, की जोरात फिरतं पण पेट घेत नाही?"

मालक माझ्याकडे पाहू लागले. तीन महिने ते रोज तो आवाज ऐकत होते, पण हा भेद काही त्यांनी कानात साठवला नव्हता.

श्रोतेहो, हा भेद कळायला थोडे मागे जावे लागेल. मोटार ही पहिल्यापासूनच आळशी आहे. बैल हाकला की चालतो, वाफेच्या इंजिनात वाफ भरली की दट्ट्या सरकतो. मोटारीचे इंजिन मात्र आधी कुणीतरी फिरवून द्यावे लागते, तेव्हाच ते स्वतः फिरू लागते. सुरुवातीला हे काम माणसाचा हात करी. गाडीच्या तोंडाशी लोखंडी हँडल घालून जोराने फिरवायचे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचे. आपल्याकडेही अनेक वर्षे क्लीनरची खरी परीक्षा होती ती हँडल मारण्याची.

या हाताची सुटका केली अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग नावाच्या अभियंत्याने. १९११ मध्ये त्याने विजेचा स्टार्टर बनवला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीवर तो बसून आला. आपले लोक त्याला 'सेल्फ' म्हणतात. हा केटरिंग आधी दुकानातले गल्ल्याचे यंत्र बनवणाऱ्या कंपनीत होता. त्या यंत्राचा खण उघडायला त्याने लहानशी विजेची मोटर वापरली होती. क्षणभरच काम करायचे असेल तर लहान मोटरीकडूनही तिच्या ताकदीपलीकडचा जोर काढता येतो, हे तिथे त्याला उमगले होते. तेच त्याने गाडीला लावले. म्हणूनच आजही सेल्फ दहा सेकंदांहून अधिक एका दमात दाबून धरू नये; मध्ये त्याला निवू द्यावे. क्षणभर राबण्यासाठी जन्मलेले ते यंत्र आहे.

सेल्फ आला तरी हँडल लगेच गेले नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा आपल्याकडे कोळशाच्या गाड्या निघाल्या होत्या. गाडीच्या पाठीशी भट्टी, तिच्यात लोणारी कोळसा. अपुऱ्या हवेत तो जळू लागला की जळणारा वायू तयार होई आणि त्या वायूवर इंजिन चाले. गाडी सुटण्याआधी भट्टी पेटवायची, पंख्याचे हँडल फिरवून हवा घालायची, वायू नीट येऊ लागेपर्यंत वाट पाहायची. उतारू खाली उतरून विडी ओढीत बसत. ती गाडी उशिरा चालू होई, पण तिला कुणी बिघडलेली म्हणत नसे. तिचा तो स्वभावच होता. नेहमीचा स्वभाव कुठला आणि बिघाड कुठला, हे आधी ठरवावे लागते, ते असे.

तिसरा धागा डिझेलचा. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याला १८९३ मध्ये आपल्या इंजिनाचे पेटंट मिळाले आणि १८९७ मध्ये ऑग्सबुर्ग गावी त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले. याची कल्पना आपल्या सायकलच्या पंपात आहे. चाकात हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते की नाही? हवा दाबली की तापते. डिझेलच्या इंजिनात हवा दाबून तिच्या मूळ जागेच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शात कोंबतात, तेव्हा ती पाचशे अंशांच्याही वर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलची बारीक फवार सोडली की ते आपोआप पेटते. पेट्रोलच्या इंजिनासारखी ठिणगी लागत नाही. ही फवार मोजून-मापून सोडणारा पंप जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर काढला आणि डिझेलची मालमोटार खऱ्या अर्थाने रस्त्यावर आली.

आपल्या देशात १९२८ मध्ये मुंबईत जनरल मोटर्सने परदेशी सुटे भाग जोडून गाड्या बनवायला सुरुवात केली. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली. तिचा कारखाना कुर्ल्याला होता. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेलच्या मालमोटारी काढल्या. सुरुवातीच्या त्या इंजिनांत मुख्य सिलिंडरालगत एक लहान कक्ष असे आणि थंडीत तो तापवायला ग्लो प्लग नावाची विजेची कांडी असे. ती तापेपर्यंत ड्रायव्हर थांबे. तो थांबणेही स्वभावातच जमा.

आता मिस्त्रींच्या प्रश्नाकडे येऊ. आजच्या जुन्या मालमोटारीत तीन कामे एकमेकांना जोडलेली आहेत. पहिले काम फिरवण्याचे. ते बॅटरी आणि सेल्फ करतात. दुसरे हवा तापवण्याचे. ते दट्ट्या, त्याच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह करतात. तिसरे डिझेल पोचवण्याचे. ते टाकी, फिल्टर, पंप आणि नोझल करतात. गाडी वेळ लावते तेव्हा या तिघांपैकी कोण चुकतो हे आधी कानाने आणि डोळ्याने ठरवायचे. पाना मग हातात घ्यायचा.

इंजिन झपझप फिरत असेल, पण पेट घेत नसेल, तर धुराकडे पाहावे. धूर अजिबात नाही, तर बहुतेक डिझेलच पोचत नाही. रात्रभरात एखाद्या सैल जोडातून नळीत हवा शिरते, डिझेल टाकीकडे मागे उतरते आणि सकाळी पंपाच्या तोंडी हवा येते. आपले लोक म्हणतात, गाडीने हवा धरली. ती काढता येते, पण ज्या जोडातून शिरली तो जोड आवळला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचते आहे पण नीट जळत नाही. मग हवा पुरेशी तापत नाही का, नोझल फवाराऐवजी थेंब टाकते का, फवाराची वेळ चुकली का, अशी चौकशी करायची.

आणि इंजिन मुळात सावकाशच फिरत असेल तर? तर आधी तेच सुधारायला हवे. सावकाश दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडराच्या भिंती पिऊन टाकतात, थोडी हवा रिंगांच्या कडेने निसटते, आणि डिझेल पेटायला लागणारी धग मिळत नाही. म्हणजे दोष सेल्फच्या वाटेत असतो आणि दिसतो इंजिनात. आमच्या गाडीमालकांचे तेच होत होते. परिणामालाच कारण समजून ते इंजिन उघडायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मिस्त्री आले. "कुणी काही सोडायचं नाही," ते म्हणाले. "आधी ऐकू द्या." गाडी न्यूट्रलमध्ये घेतली, हातब्रेक ओढला, चाकाखाली दगड लावला. पुढचे दिवे लावायला सांगितले आणि मग सेल्फ मारायला. इंजिन घर्रऽ, घर्रऽ करीत कण्हत फिरले. दिवे मात्र होते तसेच प्रखर! बॅटरी उतरलेली असती तर सेल्फ मारताच दिवे डोळे मिटू लागले असते. मिस्त्री एवढेच म्हणाले, "बॅटरी बोलते आहे, पण तिचं बोलणं सेल्फपर्यंत जात नाही."

इथे मला अलिबागेचीच एक जुनी गोष्ट आठवली. तिच्यावाचून पुढचे सांगता यायचे नाही.

मुंबईकर थट्टेने म्हणतात, "मी काय अलिबागहून आलोय का?" म्हणजे मी काय भोळा आहे का! पण एकदा खुद्द मुंबईलाच अलिबागेकडे यावे लागले होते. मुंबईत कुलाब्याला १८२६ मध्ये वेधशाळा उभी राहिली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होऊ लागली. पुढे मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचे ठरले. ट्रामला वीज डोक्यावरच्या तारेतून मिळते, पण गेलेली वीज परतही यायला हवी. ती परतते रुळांतून. रूळ जमिनीला टेकलेले, त्यामुळे त्यातली काही वीज रूळ सोडून जमिनीत शिरते, मिळेल त्या वाटेने जाते, आणि वेधशाळेतली नाजूक चुंबकसूची हलवते. असे झाले म्हणजे पृथ्वीची नोंद कुठली आणि ट्रामची कुठली, हे कळणार कसे?

तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. ट्राम सुरू होण्याआधीच चुंबकीय वेधशाळा अलिबागेत आणली गेली. मुंबईच्या कुलाब्याहून ती कुलाबा जिल्ह्यात आली, कारण आजच्या रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबाच होते. लोखंड टाळून, चुंबकाचा गुण नसलेला दगड पारखून घेऊन, तांब्या-पितळेचे सामान वापरून इथल्या इमारती बांधल्या. १९०४ मध्ये इथे काम सुरू झाले. आणि श्रोतेहो, यातली खरी शहाणपणाची गोष्ट पुढेच आहे. मुंबईची मोजणी लगेच थांबवली नाही. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुन्या जागेचा आकडा आणि नव्या जागेचा आकडा यांतला फरक नेमका कळावा. विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावू लागली. ती ट्राम १९६४ मध्ये बंदही झाली. अलिबागची वेधशाळा मात्र आजही नोंद ठेवते आहे.

दोन ठिकाणी एकदम मोजा, आणि विजेच्या परतीची वाट विसरू नका, या दोनच गोष्टी त्या पहाटे मिस्त्रींनी केल्या. वेधशाळेचे नावही त्यांनी काढले नसेल. मालमोटारीत बॅटरीपासून सेल्फपर्यंत जाड तार जाते ती सगळ्यांना दिसते. परत येणारी वीज मात्र इंजिनाच्या अंगातून, तिथून एका तांब्याच्या विणलेल्या पट्टीने गाडीच्या सांगाड्याला, आणि सांगाड्यातून बॅटरीला येते. या पट्टीला आपले लोक अर्थची पट्टी म्हणतात. ती खाली, चिखलात, खाऱ्या हवेत असते. तिच्याकडे कोण पाहतो?

मिस्त्रींनी मीटरची एक कांडी बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरली आणि सेल्फ मारायला सांगितले. काटा अडीच व्होल्टच्या आसपास गेला. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवा होता. बारा व्होल्टच्या गाडीत अडीच व्होल्ट वाटेतच सांडत होते!

शिक्षकबंधूंनी हे गणित फळ्यावर जरूर करून दाखवावे. जॉर्ज ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ मध्ये सांगितलेला नियम आपण शिकवतोच. वाटेतला अडथळा ०.००५ ओहम एवढाच धरा. पुढच्या दिव्याला सुमारे ५ अँपिअर प्रवाह लागतो. ५ गुणिले ०.००५ म्हणजे ०.०२५ व्होल्ट, दिव्याला पत्ताही लागत नाही. सेल्फला ४०० अँपिअर लागले, तर ४०० गुणिले ०.००५ म्हणजे २ व्होल्ट. तोच अडथळा, पण मोठ्या कामाच्या वेळी उघडा पडतो. आमच्या गाडीत तर दिव्यांची परतीची वाट त्या पट्टीवरून जातच नव्हती, म्हणून दिवे लख्ख आणि सेल्फ लंगडा.

मिस्त्रींनी एक जाड तार घेतली. तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे, ठिणगी उडाली तरी बॅटरीजवळ उडू नये म्हणून, लांब इंजिनाच्या लोखंडाला पक्के लावले. जुनी पट्टी होती तशीच ठेवली. "मारा आता." इंजिन सर्रकन फिरले आणि दुसऱ्या क्षणाला धडधडू लागले. तार काढून, इंजिन बंद करून पुन्हा पाहिले, तर पुन्हा घर्रऽ घर्रऽ. तार लावली की चालू. संशयाला जागाच उरली नाही. खाली शिरून पट्टी सोडवली तेव्हा तिचे अर्धे धागे तुटलेले, उरलेल्यांवर हिरवट भुकटी, आणि बोल्टाखाली गंजाचा पापुद्रा. दोन महिन्यांचा पाऊस आणि समुद्राची खारी हवा यांनी ते काम केले होते. नवी पट्टी आणली, बसायची जागा घासून चकचकीत केली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावले. इंजिनकामाच्या खर्चापुढे त्या पट्टीची किंमत ती काय!

पाना पुसता पुसता मिस्त्रींनी विचारले, "गाडी चालू करताना रेसची तार कधी गरम लागली का?"

मालक गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "पोरगा म्हणत होता. रेसच्या तारेला हात लावला तर चटका बसतो म्हणाला. मी म्हटलं, काम टाळायला निमित्त काढतोस."

परतीची मोठी वाट बुजली म्हणजे वीज आडवाटा शोधते. मुंबईच्या रुळांतली वीज जमिनीत शिरत होती. इथली त्या बारीक तारेत शिरत होती आणि तार तापत होती. तीन महिन्यांत खरा पुरावा कुणी दिला असेल तर तो त्या पोराने, आणि शिक्षाही त्यालाच झाली. तो आला त्याच आठवड्यात गाडी रुसली, एवढाच त्याचा गुन्हा. आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. म्हण सगळ्यांना पाठ असते. पण नुकसान आपले होत असले म्हणजे दगड आधी कावळ्यालाच बसतो.

इतिहासातही मला हेच वारंवार दिसते. दुष्काळ पडला, साथ आली, गिरणी बंद पडली, की लोक आधी नवखा कोण, गरीब कोण, एकटा कोण, ते शोधतात. कारण शोधायला वेळ लागतो, माणूस लगेच सापडतो. शिवाय चुकीच्या उपायाने चार दिवस बरे वाटले, म्हणजे चुकीचे कारण अधिकच पक्के होते. नव्या बॅटरीने तेच केले होते.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि गाडी बाळगणाऱ्या माझ्या शेतकरी व कोळी बांधवांना एवढेच सांगावेसे वाटते. यंत्र रुसले तर आधी नीट ऐका. फिरण्यात उणे आहे की पेटण्यात, ते ठरवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे गुण कशाने आला ते कळेल. जाणारी वाट पाहिलीत तशी परतीचीही पाहा. आणि गाडीजवळ जो सर्वांत जास्त वेळ असतो, त्याचे म्हणणे खर्च करण्याआधी ऐकून घ्या. मग तो क्लीनर का असेना.

कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर अर्धाच राहिला. दुसऱ्या दिवशी मालक स्वतः गाडी घेऊन कार्लेखिंडीपलीकडे त्या पोराच्या गावी गेले. कापलेले पैसे त्याच्या आईच्या हातात ठेवले आणि म्हणाले, "चूक माझी झाली. उद्यापासून येऊ दे त्याला." पोरगा आला. आता दर पंधरवड्याला तो गाडीखाली शिरून ती पट्टी पाहतो, बोल्ट आवळतो आणि ग्रीस लावतो. पहाटे आमच्या आळीत गाडीचा आवाज अजून येतो, पण एकदाच.